इंजिन फिरतं, पण गाडी पकडत नाही: हेड उतरवण्याआधी काय तपासायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नागपूरच्या मनीषनगरातल्या एका भावाकडे वडिलांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. उन्हाळा लागल्यापासून सकाळी पहिल्यांदा लांबच लांब सेल्फ मारावा लागायचा. दुपारी सीताबर्डीवर दहा मिनिटं उभी केली की परत चालू व्हायची नाही. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू व्हायची. त्यांनी बॅटरी नवी टाकली, प्लग बदलले, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) बदलली, कार्बोरेटर खोलून साफ करून घेतला. आता गाडी महिनाभर दारात उभी आहे. इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही. पेट्रोलचा वासही येत नाही म्हणतात. मेकॅनिकचं म्हणणं आहे की इंजिनचं काम निघालं, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवावं लागेल. उतरवू द्यावं का?

अजून नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं मी दोनदा वाचलं. त्यात बदललेल्या भागांची यादी आहे, पण मोजलेला आकडा एकही नाही. बॅटरी बदलली, पण आधीची किती व्होल्ट दाखवत होती? कॉइल बदलली, पण त्या आधी ठिणगी पाहिली होती का? कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) न लावता हेड उतरवायला सांगणारा माणूस अंदाजावर काम करतोय, आणि त्या अंदाजाचे पैसे तुमच्या खिशातून जाताहेत. जुनी गाडी दुरुस्त करताना खर्च वाढतो तो बहुतेक वेळा इथेच.

चालू न होणारी गाडी चार प्रकारची असते आणि हे चार प्रकार एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. चावी फिरवली तरी इंजिन हलतच नाही, हा पहिला. इंजिन कण्हत-कुथत फिरतं, हा दुसरा. इंजिन नीट जोमात फिरतं पण पकडत नाही, हा तिसरा. पकडतं आणि दोन-चार सेकंदांत बंद पडतं, हा चौथा. तुमची गाडी तिसऱ्यात आहे. म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि जाड केबल यांचं काम बहुतेक ठीक आहे, आणि नव्या बॅटरीचा खर्च कदाचित करायचाच नव्हता. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांच्या गाड्या पहिल्या दोन प्रकारांत असतील, म्हणून तिथूनच सुरू करतो.

इंजिन फिरत नसेल तर हेडलाइट लावा आणि कुणाला तरी समोर उभं करून चावी फिरवा. दिवे एकदम मावळले तर बॅटरीत दम नाही, टर्मिनलवर जोड नीट नाही, नाहीतर सेल्फ आतून जाम आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि काही आवाजच आला नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही: चावीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडला (सेल्फवरच्या चुंबकी स्विचला) जाणारी बारीक वायर बघायची. दिवे तसेच आणि एकच दणकट ‘टक्’ आला, तर सोलेनॉइडचे आतले संपर्क किंवा सेल्फचे कार्बन (ब्रश) संपलेत. अशा वेळी सेल्फच्या अंगावर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकलं की एखादवेळी फिरतो. हा उपाय नाही, पण दोष कुठे आहे ते त्याने कळतं. आणि ‘टकटकटकटक’ असा पटापट आवाज आला की नव्वद टक्के बॅटरी किंवा टर्मिनल. टर्मिनल वरून चकचकीत दिसतं आणि आतून, पोस्टला जिथे टेकतं तिथे, काळा थर असतो. म्हणून काढून, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून मगच पुढे जायचं.

बॅटरी मोजायची पद्धतही समजून घ्या. आदल्या रात्री चार्ज केलेली किंवा नुकतीच चालवलेली बॅटरी फसवा आकडा दाखवते. हेडलाइट दोनेक मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मीटर लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. पण हा आकडा म्हणजे अर्धीच गोष्ट. खरा आकडा सेल्फ मारताना दिसतो: त्या वेळी बॅटरी १० च्या आसपास टिकली पाहिजे. साडेनऊच्या खाली गेली तर संशय घ्या. १२.६ दाखवून सेल्फ मारताच सातावर येणाऱ्या बॅटऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात, आतला एक सेल मेलेला असतो. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं नाही तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बघा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

आपल्याकडे बॅटरीचा खरा घात उन्हाळा करतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, बॉनेटखाली जी भट्टी पेटते त्यात पाणी उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. मालकाला मात्र ते कळतं डिसेंबरातल्या एखाद्या गार सकाळी, आणि दोष थंडीला जातो. मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं नको, घरच्या आरओचंही नको.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण गॅरेजमध्ये ती फार कमी जण करतात: भाराखाली होणारी व्होल्टेजची गळती मोजणं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस पोस्टवर, क्लॅम्पवर नाही तर थेट शिशाच्या पोस्टवर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरने ०.२ च्या आसपास दाखवलं तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर तेवढे व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच खर्च होताहेत. तसंच प्लस पोस्टपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा, तिथेही अर्ध्याच्या आत हवं. ओहमच्या स्केलवर हा दोष दिसत नाही, कारण जाड केबलचा एकच तार शिल्लक असला तरी मीटर ‘जोड आहे’ असंच सांगतं. सेल्फला मात्र शंभर अँपियरच्या घरातला करंट लागतो आणि तो एका तारेतून जात नाही.

वर्धा रोडवरून एकदा एक एस्टीम ओढून आणली होती. सेल्फ नवा, बॅटरी नवी, तरी इंजिन रडत फिरायचं. मालक सहज बोलून गेला की चोकचा नॉब हल्ली गरम लागतो. तिथेच उलगडलं. गिअरबॉक्स आणि बॉडी यांमधली अर्थिंगची पट्टी गंजून तुटली होती, आणि सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधत चोकच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. अशाने केबलचं आवरण वितळून ती अडकते सुद्धा. पट्टी बदलली आणि गाडी गेली. नवा सेल्फ आणि नवी बॅटरी दोन्ही फुकटच घेतलेले होते.

आता तुमच्या प्रकाराकडे येऊ. पेट्रोल इंजिनला चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात: योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि पुरेसं कॉम्प्रेशन. तिन्हींपैकी काय नाही हे ठरवायला सर्वांत स्वस्त साक्षीदार म्हणजे प्लग. दहाएक सेकंद सेल्फ मारा आणि लगेच एक प्लग काढा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय आणि ठिणगी कमी पडतेय, किंवा गाडी ओव्हर झालीय, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साठलंय. टोक कोरडं असेल तर पेट्रोल येतच नाही. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. तुमच्याकडे नवे प्लग टाकताना जुने काढले होते, तेव्हा ते ओले होते की कोरडे, हे कुणी पाहिलंच नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

ठिणगी बघताना काढलेला प्लग वायरला लावा, त्याचं धातूचं अंग इंजिनला घट्ट टेकवा, आणि सेल्फ मारा. निळी, कडक, ‘चट्चट्’ आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी-लालसर आणि बारीक ठिणगी उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरच्या दाबात विझते. प्लगची वायर हातात धरून पाहू नका आणि हवेत लोंबती ठेवूनही सेल्फ मारू नका. झटका तर बसतोच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा मॉड्यूल त्याने मरतो. आणि हे कार्बोरेटरच्या तोंडाजवळ करायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये.

ठिणगी नसेल तर मागे मागे जायचं. कॉइलमधून निघणाऱ्या मधल्या वायरवर ठिणगी आहे पण प्लगवर नाही, तर डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि आत फिरणारा रोटर. कॅपच्या आत पेन्सिलने रेघ ओढल्यासारखी काळी बारीक वाट दिसली की ती बाद, कितीही पुसली तरी. पावसाळ्यात रात्री लाईट बंद करून बॉनेट उघडं ठेवा आणि सेल्फ मारायला लावा. गळती असेल तर वायरींवरून निळसर काजवे चमकताना दिसतात. मधल्या वायरवरही ठिणगी नाही, तर कॉइलच्या प्लसवर टेस्ट लॅम्प लावा. चावी ‘ऑन’ असताना दिवा लागतो हे सगळे बघतात. सेल्फ मारत असतानाही तो लागून राहतो का, हे बघा. चावीच्या स्विचचे संपर्क झिजले की नेमका त्याच वेळी करंट तुटतो. अशी गाडी हमखास चावी सोडताना, सेल्फ थांबण्याच्या क्षणी पकडते. धक्का मारून लगेच चालू होणारी पण सेल्फवर न होणारी गाडीही याच घरातली, नाहीतर बॅटरीच्या घरातली.

फियाट पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरवाल्यांसाठी: तुमच्याकडे डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) आहेत. ते पांढरे किंवा खड्डा पडलेले असतील तर पॉलिश पेपर मारून वेळ काढता येते, पण गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवल्याशिवाय काही खरं नाही. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत जी छोटी लवचीक वायर असते ती हाताने हलवून बघा; आतली तार तुटून बाहेरचं आवरण शाबूत, हा प्रकार माणसाला वेड लावतो.

पेट्रोलचं बघताना काट्यावर विश्वास ठेवू नका. कार्बोरेटरच्या गाडीला एक सोपी चाचणी आहे. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवूनच टॉर्चच्या उजेडात कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात ओढा. पेट्रोलची बारीक धार आत उडाली पाहिजे. धार आली म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या छोट्या टाकीत) पेट्रोल आहे. आली नाही तर चेंबर रिकामा आहे, किंवा अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम गेलाय. पण महिनाभर उभ्या गाडीत पहिलाच संशय जास्त खरा. चेंबर रिकामा असेल तर पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी काढून स्वच्छ बाटलीत सोडा, कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढून ठेवा, आणि सेल्फ मारा. जोरदार ठोके-ठोके पेट्रोल आलं पाहिजे. हे काम उघड्यावर, थंड इंजिनवर, शेजारी अग्निशामक ठेवून करायचं. बिडी-सिगारेट तर सोडाच, मोबाइलची लाईट धरायला आलेला शेजारीही दोन हात लांब उभा करा.

८०० चा जुना पंप मेकॅनिकल असतो, हेडवर बसवलेला आणि कॅमशाफ्टने चालणारा. त्याच्या आत एक रबरी डायफ्राम आणि दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी चालूच करू नका. आधी ऑइल बदला आणि पंप बघा.

आताच्या पेट्रोलबद्दलही एक गोष्ट. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९९७ सालची रबरी नळी आणि कार्बोरेटरचे डायफ्राम त्या हिशोबाने बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात, नाहीतर कडक होऊन चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत महिनोन् महिने पडून असलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाणी साठतं. नळ्या बदलताना इंधनासाठीचीच नळी घ्या. कूलरच्या पाण्याची नळी लावलेल्या गाड्या नागपुरात मी पाहिल्या आहेत, म्हणून लिहितोय.

दुपारी तापल्यावर चालू न होण्याचं काय, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा धागा आहे. याचे दोन संशयित. एक, पेट्रोल नळीत किंवा पंपात उकळून वाफ होणं. दोन, कॉइल, इग्निशन मॉड्यूल किंवा डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) गरम झाल्यावर आतून तुटणं. थंड झाल्यावर दोन्ही आपोआप बरे होतात, म्हणून गॅरेजात पोचेपर्यंत गाडी साळसूद झालेली असते. निदान ज्या जागी बंद पडली त्याच जागी करावं लागतं. डिकीत एक जुना प्लग आणि प्लगपाना ठेवा. गाडी अडली की आधी ठिणगी बघा. ठिणगी कडक असेल तर ओलं फडकं पंपावर आणि त्याच्या नळ्यांवर ठेवा, पाच मिनिटांनी सेल्फ मारा. चालू झाली तर वाफ. ठिणगीच नसेल तर तेच फडकं पिळून कॉइलवर ठेवा. तरी नाही आली तर मॉड्यूलकडे जा. एका वेळी एकाच गोष्टीवर फडकं. दोन्हीवर पाणी ओतून गाडी चालू केलीत तर गाडी घरी येते, पण दोष कुठे होता ते कळत नाही.

तिसरा एक उपप्रकार आहे: गरम इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरमधलंच पेट्रोल उकळून खाली सांडतं आणि गाडी ओव्हर होते. त्याला पेट्रोलचा उग्र वास येतो आणि प्लग ओले निघतात. अशा वेळी चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. तुम्हाला वास येत नाही, त्यामुळे हे तुमचं नसावं.

आता हेडचा विषय. टायमिंग बेल्ट (हेडमधला कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) तुटला की इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरी ‘विर्रर्र’ करत फिरतं, ठोके जाणवत नाहीत. तुम्ही ‘जोरात फिरतं’ लिहिलंय, म्हणून हे तपासाच. ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो. कॅप काढा आणि सेल्फ मारायला सांगा. रोटर फिरला तर बेल्ट शाबूत. फिरला नाही तर दोष सापडला, आणि पेट्रोल, प्लग, कॉइल सगळ्यांची सुटका झाली. बेल्टचे दात सरकले असतील तर रोटर फिरेल पण टायमिंग चुकलेलं असेल. त्याला खुणा जुळवून बघाव्या लागतात. कॉम्प्रेशन मोजायला तिन्ही प्लग काढा, कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि गेज लावा. या इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोच्या आसपास किंवा वर आलं आणि तिन्हींत एखाद किलोपेक्षा जास्त फरक नसला, तर हेडला हात लावायचं कारणच नाही. एका सिलिंडरचं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारच्या दोघांचं एकदम कमी आलं तर गॅस्केट. हे तीन आकडे कागदावर लिहून घ्या आणि मेकॅनिकला विचारा, आता सांग भाऊ, हेड का काढायचं?

ज्यांच्याकडे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाड्या आहेत, म्हणजे २००० नंतरच्या ८००, सँट्रो वगैरे, त्यांच्यासाठी पद्धत तीच, हत्यारं थोडी वेगळी. चावी ‘ऑन’ करताच मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘झीं’ असा पंपाचा आवाज आला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले; बाजूचा त्याच नंबरचा रिले काढून अदलाबदल करून पाहायला पैसे लागत नाहीत. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह डॅशबोर्डवर मिचमिचत असेल तर इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) चावी ओळखू येत नाही. दुसरी चावी लावून बघा. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणाऱ्या एमपीएफआय गाडीत क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या) संशय घ्या. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही थरथरत नसेल तर तो संशय पक्का होतो.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावला की काम झालं असं समजू नका. सेन्सर खोटं बोलू शकतो, आणि ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. गाडीच्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर असाच बिघडला आणि थंड इंजिनला ‘गरम’ म्हणाला, की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी सोडतो आणि सकाळी गाडी पकडत नाही. उलट बोलला तर गाडी ओव्हर. स्कॅनरवर कोड नसला तरी सकाळच्या थंड इंजिनचं तापमान वाचून बघा. हवेच्या तापमानाशी ते जुळलं पाहिजे.

डिझेलबद्दल थोडक्यात. जुनी इंडिका थंडीत चालू होत नसेल तर ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारे). एकेक काढून मीटरने बघा. कुठल्याही ऋतूत चालत नसेल तर लाईनमध्ये हवा, फिल्टरमध्ये पाणी किंवा पंपावरचा सोलेनॉइड. चावी ऑन करताना पंपावर ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. हातपंप मारून तो कडक होतो का, हे बघा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा लोकांनी सकाळी पहिलं काम केलं ते सेल्फ मारण्याचं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीची बॅटरी सोडवा, प्लग काढा, पाणी बाहेर येऊ द्या, ऑइल बघा. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर गाडी चालवायची नाही. आणि पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडताना उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा, बॅटरीच्या ट्रेखाली आणि डिस्ट्रिब्युटरच्या मागे आधी.

आता तुमच्या गाडीकडे. तुमची तिन्ही लक्षणं एका जागी भेटतात. सकाळी लांब सेल्फ लागणं म्हणजे रात्रीत पेट्रोल नळीतून परत टाकीकडे उतरत असणार. दुपारी तापल्यावर न पकडणं म्हणजे पंप ओढताना वाफ होत असणार. आता महिनाभराने बिलकुल न पकडणं आणि वास न येणं म्हणजे कार्बोरेटर कोरडा. तिन्हींना एकच दोष पुरतो: टाकीकडून पंपाकडे येणारी नळी कुठेतरी चिरलीय आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतोय, किंवा पंपाचे व्हॉल्व्ह गेलेत. ओढणारी नळी चिरली तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाही. मी पैज लावायची तर नळीवर लावेन. पण पैज आणि पुरावा वेगळे.

म्हणून क्रम असा. आधी एक प्लग काढून ओला की कोरडा बघा. मग कॅप काढून रोटर फिरतो का बघा, बेल्टचा प्रश्न तिथेच मिटेल. टाकीचं झाकण उघडताना ‘हुश्श’ आवाज येतो का ऐका. आला तर हवेचं भोक बुजलंय. मग कार्बोरेटरच्या घशात धार बघा. धार नसेल, तर पंपाकडे येणारी नळी काढून सरळ स्वच्छ पेट्रोलच्या बाटलीत बुडवा, दुसरी बाजूही बाटलीत, आणि सेल्फ मारा. पंप आता भसाभस पेट्रोल देऊ लागला तर पंप निर्दोष, दोष टाकी ते पंप या वाटेत: नळी, क्लॅम्प, फिल्टर किंवा टाकीतली जाळी. बाटलीतूनही ओढत नसेल तर पंप. प्लग ओला निघाला तर मात्र माझा अंदाज चुकला. वर लिहिलेल्या ठिणगीच्या वाटेने जा.

नळी निघाली तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या आणि क्लॅम्प एकदमच बदलून घ्या, काही शेकड्यांचा खर्च आहे. फिल्टर पारदर्शक घ्या, म्हणजे पुढच्या वेळी बॉनेट उघडताच पेट्रोल आहे की बुडबुडे ते दिसेल. पंप घ्यायची वेळ आली तर बसवणाऱ्याच्या शेजारी उभे राहा. पंप आणि हेड यांच्यामध्ये जाड फायबरचा तुकडा असतो, तो जुना झाला म्हणून फेकून देऊन नुसत्या पातळ गॅस्केटवर पंप बसवतात. तो तुकडा हेडची उष्णता पंपात जाऊ देत नाही आणि पंपाच्या दांड्याचं अंतरही राखतो. तो न टाकता बसवला तर नवा पंपही दुपारी सीताबर्डीवर तोच त्रास देईल, आणि मग पुन्हा कुणीतरी हेड उतरवायला सांगेल.